वेतकाकांना जिवंत करण्याची सोपी रीत

दुपारी सव्वातीनला दुकानाचं दार आतून लावलं गेलं आणि ज्याने त्याने आपापली मोडकी खुर्ची ओढून घेतली.

नियम आजोबांचा. घरातली कुठलीही मोठी गोष्ट ठरवायची ती दुरुस्तीला आलेल्या, अजून हात न लागलेल्या खुर्च्यांवर बसून. धड खुर्चीवर बसलेला माणूस बोलतच राहतो, मोडक्या खुर्चीवर तो मुद्द्याचं बोलतो, असं आजोबांचं म्हणणं होतं. पुढे त्याला एक पोटनियम जोडला गेला: बैठक चालू असताना ज्याची खुर्ची मोडेल, त्याचं मत बाद. त्यावर दाद मागायची सोय नाही. याच रीतीने या घरातली वाटणी टळली होती, दादांचं लग्न ठरलं होतं, आणि शेजारचा गाळा घ्यायचा की नाही हे ठरत असताना खुद्द आजोबाच हात वर करता करता जमिनीवर आल्यामुळे तो गाळा आजतागायत शेजाऱ्याचाच राहिला होता.

आज ठरवायचं होतं ते इतकंच, की दुकानाच्या वेबसाइटवरचा मजकूर बदलायची सोपी रीत कोणती. आणि ते पाचाच्या आत ठरायला हवं होतं, कारण वेबसाइटप्रमाणे वेतकाका तीन वर्षांपूर्वी वारले होते.

वेतकाका स्वतः खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या खुर्चीची बैठकीची जाळी पार फाटली होती, त्यामुळे ते नुसते कडेच्या चौकटीवर टेकले होते. तसे ते जन्मभर टेकतच आले होते. कुणाच्या घरी गेले तर दाराजवळ, जेवायला बसले तर पानाच्या कडेला, फोटोत उभे राहिले तर निम्मे बाहेर. दुकानातलं वेताचं सगळं विणकाम त्यांच्या हातचं, पण ते करतानाही कोपऱ्यातली शेवटची गाठ मारायची वेळ आली की ते पाठ करून बसत. लोकांना वाटे, काका कसब लपवतात. खरं तर कुणी हाताकडे बघत असलं की त्यांना लाज वाटायची.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात डॉक्टरांनी "तयारी ठेवा" म्हटलं. या घरात गिऱ्हाईक दारात यायच्या आधी काम तयार ठेवायची पिढीजात सवय. दादांनी लगेच मजकूर लिहून जावयाकडे पाठवला आणि कळवलं, तयार ठेवा. जावई कामसू माणूस. त्याने तयार केला आणि वेबसाइटवर लावूनही टाकला. "कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या दुकानातील वेतकाम ज्यांच्या हातचे, त्यांचे निधन झाले आहे. दुकान तीन दिवस बंद राहील. आपल्या भावना खाली लिहाव्यात." तिसऱ्या दिवशी काकांनी खिमट मागितलं. आठव्या दिवशी ते घरी आले. पण त्याआधीच, मजकूर लागला त्याच रात्री, जावई दोन बॅगा आणि वेबसाइटचा पासवर्ड घेऊन घर सोडून गेला होता. तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नसे, म्हणून पासवर्डचंही नाव निघत नसे, आणि त्यामुळे काका तसेच वारलेले राहिले.

पहिलं वर्षभर प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी बघेल. मग सगळ्यांना सवय झाली. गिऱ्हाईक दुकानात आलं, काकांना बघून चपापलं, की म्हणायचं, "तुम्ही अगदी त्यांच्यासारखे दिसता हो." काका म्हणायचे, "हो, सांगतात लोक." एका बाईंनी त्यांच्याच हातात फुलांची जुडी दिली आणि त्यांच्या फोटोला घालायला सांगितली. काकांनी ती नेऊन घातली. नाही म्हणायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

अडचण आली ती नाट्यगृहामुळे. जुन्या नाट्यगृहाच्या चारशे खुर्च्या नव्याने विणायच्या होत्या. व्यवस्थापक सकाळी स्वतः येऊन गेले. त्यांनी काकांशी हात मिळवला, तब्येतीची चौकशी केली, आणि मग खेदाने सांगितलं, "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय. पण निर्णय सात जणांची समिती घेते, आणि समिती फाइल बघते. फाइलीत तुमच्या वेबसाइटची प्रत लावलीय. पाच वाजता बैठक आहे. त्याआधी पानावर दुरुस्ती दिसली तर मी नवी प्रत लावीन. माझ्या तोंडी सांगण्याला तिथे किंमत नाही."

"मग यांनाच घेऊन जा ना समितीपुढे," वहिनी म्हणाल्या.

"माणूस फाइलला लावता येत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

चारशे खुर्च्या म्हणजे काकांच्या उरलेल्या आयुष्याचं काम. व्यवस्थापक गेल्यावर त्यांनी वेताची एक मोळी टपात भिजत घातली. एवढ्यावरून घरातल्यांनी ओळखलं आणि बैठक बोलावली.

"तर," दादा म्हणाले. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. दुकानाची पाटी त्यांची, शेवटचा शब्द त्यांचा. एका वकिलाच्या काळ्या लाकडाच्या, रुंद हातांच्या खुर्चीवर ते बसले होते. काकांनी सवयीने खुर्चीकडे बघितलं. मागच्या डाव्या पायाची पाचर सैल होती. दादा डावीकडे झुकले की ती थोडी बाहेर येत होती, सरळ बसले की आत जात होती. "तर, पासवर्ड नाही. मग बोलणंच खुंटलं."

"पासवर्ड आहे," टाचणी म्हणाली.

टाचणी ही दादांची मुलगी, घर सोडून गेलेल्या जावयाची बायको. सरळ, टोकदार आणि हरवली की सगळ्यांना तीच हवी असते, म्हणून ते नाव. ती बालवर्गातल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसली होती.

"कुठून आला?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे तिची आई. बैठकीला सगळ्यांत आधी येऊन त्या वाचनालयाची पाठ नसलेली, पण पायांनी भक्कम खुर्ची पकडत. तीस वर्षांत त्या एकदाही पडल्या नव्हत्या.

"त्याला फोन केला."

खुर्च्या करकरल्या.

"काय म्हणाला?" शेवटी वहिनींनीच विचारलं.

"म्हणाला, कुणी मागितलाच नाही. तीन वर्षं वाट बघत होता. काका गेल्याचं त्याला फार वाईट वाटलं होतं म्हणे. मी म्हटलं, ते मागच्या खोलीत वेत भिजवतायत. मग पासवर्ड सांगितला."

"नमस्कार सांगायचास," काका हळूच म्हणाले.

"सांगितला."

लांब्याने घसा खाकरला. हा टाचणीचा भाऊ, गल्ला आणि पत्रव्यवहार बघणारा. उंचीमुळे त्याला झुलत्या खुर्चीशिवाय काही पुरत नसे आणि आजच्या झुलत्या खुर्चीचा एक खालचा दांडा तडकलेला होता. "माझं म्हणणं ऐका. हे आपलं काम नाही. एक कंपनी आहे, ती लोकांच्या वेबसाइटी सांभाळते. आपण फक्त काय बदलायचं ते कळवायचं. ते बदलतात. आपल्याला हातही लावावा लागत नाही."

"हेच योग्य," दादा लगेच म्हणाले. "आणि त्यांना सांग, जुनं सगळं मुळापासून काढा. एक अक्षर ठेवू नका. कुणी वाचायचं नाही, नुसतं काढायचं."

काकांनी मान वर केली. मग पुन्हा खाली घातली.

लांब्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये धरला. पलीकडून एक गोड आवाज आला. मजकूर बदलायला कामाचे चार दिवस लागतील, आवाज म्हणाला.

"आम्हाला पाचाच्या आत हवंय," लांब्या म्हणाला. "फक्त एक वाक्य. एक गृहस्थ वारले असं लिहिलंय, ते वारलेले नाहीत."

"म्हणजे व्यक्तीच्या स्थितीत बदल," आवाज म्हणाला. "त्याला त्या व्यक्तीची लेखी संमती लागेल."

लांब्याने फोन काकांच्या तोंडापुढे धरला. "मी देतो," काका म्हणाले.

"आपण कोण?"

"तीच व्यक्ती."

थोडा वेळ टकटक ऐकू आली. "माफ करा, पानावर त्यांचं निधन झाल्याचं दिसतंय. त्यांच्या वारसांपैकी कुणी आहे का?"

"मी पुतण्या," लांब्या म्हणाला.

"मग तुम्ही संमती देऊ शकता. पण ते हयात असतील तर तुम्ही वारस ठरत नाही. मी वरिष्ठांना विचारते. थांबाल का?"

वाद्य वाजू लागलं. लांब्या थांबला. वाद्य तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं तेव्हा तो वैतागून मागे रेलला आणि काकांना जो आवाज मघापासून अपेक्षित होता तो आला. तडकलेला दांडा तुटला, लांब्या पाय वर करून सावकाश मागे गेला आणि वेताच्या भाऱ्यांत नाहीसा झाला. फोनमधलं वाद्य चालूच होतं.

"बाद," वहिनी म्हणाल्या.

"लागलं का रे?" काकांनी विचारलं.

"नाही," भाऱ्यांतून आवाज आला. "पण माझं म्हणणं बरोबर होतं."

"बरोबर असलं तरी खालून बोल," टाचणी म्हणाली.

आता वहिनींची पाळी आली. त्यांच्या बहिणीचं शिवणाचं दुकान होतं आणि बहिणीने तयार साच्यातली वेबसाइट स्वतः बनवली होती. चित्रं आयती, रकाने आयते, आपण फक्त नाव घालायचं. "तिला सुईत दोरा ओवताना चष्मा लागतो, आणि तिने केली," वहिनी म्हणाल्या. "मग आपल्याला काय धाड भरलीय?"

टाचणीने टॅब्लेट त्यांच्यापुढे धरला. "निवड मग. आधी व्यवसाय विचारतायत."

"खुर्च्या विणणे."

"तो नाहीये. उपाहारगृह आहे, केशकर्तन आहे, लग्नाचे फोटो, दंतवैद्य, श्वानपालन."

वहिनींनी बराच विचार केला. "दंतवैद्य लाव."

"आई."

"त्यांच्याकडे खुर्ची असते. बाकी कुणाकडे आहे?"

टाचणीने दंतवैद्य लावला. पडद्यावर एक मुलगी खुर्चीत आडवी पडून छताकडे बघत हसत होती. खाली लिहिलं होतं, वेदनारहित सेवा, तीन पिढ्यांचा विश्वास. वहिनींना ती मुलगी फार आवडली. "बघा, तीन पिढ्या आपोआप आल्या. आणि वेदना तर आपण कुणाला देतच नाही."

"माणसाला नाही, खुर्चीला देतो," भाऱ्यांतून लांब्या म्हणाला.

"तुझं मत बाद आहे."

"हे मत नाही, माहिती आहे."

"ही वेबसाइट चार वाजेपर्यंत उभी राहील," टाचणी म्हणाली. "पण आपल्या पत्त्यावर ही आली की जुनी जाते. पूर्ण. फोटो, मजकूर, खाली लोकांनी लिहिलेलं, सगळं."

"सगळं जातं?" काकांनी विचारलं.

ते इतक्या अचानक आणि इतक्या स्पष्ट बोलले, की सगळ्यांनी वळून बघितलं. काकांचे कान लाल झाले.

"सगळं, काका. का?"

काकांनी हातातला वेताचा तुकडा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. सांगावं की नाही कळेना. "दोनशे चौदा आहेत," ते म्हणाले.

"काय?"

"खाली लिहिलेले. लोकांनी. माझ्याबद्दल."

त्यांनी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा ते दवाखान्यातून आल्याला दहा दिवस झाले होते. दुकानाच्या संगणकावर लाकडाच्या भुशाची किंमत बघायला गेले आणि आपल्याच फोटोखाली येऊन पडले. बेचाळीस वर्षांत कुणी तोंडावर "छान झालंय" म्हटलं तर ते दुसरीकडे बघायचे, म्हणून लोकांनी म्हणणंच सोडलं होतं. आणि इथे दोनशे चौदा जण एकामागे एक म्हणत होते. एका म्हाताऱ्या शिक्षिकेने लिहिलं होतं, की या माणसाने विणलेल्या खुर्चीवर बसून मी माझ्या नवऱ्याचं दुखणं काढलं, खुर्चीने मला कधी टोचलं नाही. एकाने नुसतं लिहिलं होतं: त्यांनी माझ्याकडून झुल्याचं काम घेतलं, तेव्हा माझं मूल व्हायचं होतं, आता मूल कॉलेजात आहे आणि झुला तसाच आहे. काका रोज सकाळी दुकान उघडल्यावर चारपाच वाचत आणि मग कामाला बसत. आपण हे फुकट, मेल्याचं सोंग घेऊन, वाचतोय असं त्यांना वाटत राहायचं. तरी वाचायचे.

हे सगळं ते बोलले नाहीत. ते म्हणाले, "बरे लिहिलेत."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"तिसरी रीत ऐका," टाचणी म्हणाली. "मी सकाळपासून ती बसवून ठेवलीय. जुनं पान तसंच राहतं. फक्त मी त्याला एक सोय जोडलीय. आपल्याला जो शब्द बदलायचा त्यावर बोट ठेवायचं, पेन्सिल येते, खोडायचं, लिहायचं, जतन करायचं. झालं. कंपनी नको, साचा नको. आणि खाली कुणी काही लिहिलं असेल त्याला उत्तरही देता येतं. उत्तर दिलं की लिहिणाऱ्याच्या फोनवर लगेच वाजतं."

"ज्याने लिहिलं त्याच्या फोनवर?" दादांनी विचारलं.

"हो."

"जुनं असलं तरी?"

"तीन वर्षांपूर्वीचं असलं तरी."

दादांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला, जणू तिथे काही उकळत होतं. "मला हे पसंत नाही," ते म्हणाले. "माणूस जिवंत झाल्यावर मेल्याचं बोलणं खाली लटकत ठेवायचं, हा कुठला न्याय? लोक हसतील. धाकट्या, तुलाच बरं दिसतं का?"

"मला चालेल दादा," काका म्हणाले.

"तुला काय, तुला सगळंच चालतं." दादा डावीकडे वळले. पाचर बोटभर बाहेर आली. "माझं मत हिला. ते दंतवैद्याचं."

वहिनींनी सावकाश मान वळवली. "काय म्हणालात?"

"तुझं बरोबर आहे, असं म्हणालो."

"अहो, पडद्याच्या रंगापासून मुलीच्या शाळेपर्यंत एकदा तरी माझं बरोबर होतं का?"

"आज आहे."

"मग यात काहीतरी आहे. माझ्या दंतवैद्यात तुम्हाला काय सापडलं?"

"तीन पिढ्यांचा विश्वास."

वहिनी त्यांच्याकडे संशयाने बघत राहिल्या, पण त्यांची नजर पुन्हा त्या हसऱ्या मुलीवर गेली. "असू दे. तुम्ही हो म्हणताय म्हणून मी नाही का म्हणू. मला ती मुलगी आवडलीय."

काकांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. दादा आणि वहिनी एकीकडे. टाचणी आणि आपण दुसरीकडे. दोन विरुद्ध दोन झालं की थोरल्याचं मत जड, हाही आजोबांचाच नियम. म्हणजे दोनशे चौदा गेले.

आणि दादा का अडून बसलेत, हे त्या खोलीत फक्त काकांना माहीत होतं. माहीत आहे हे दादांना माहीत नव्हतं.

दोनशे चौदांतला सगळ्यांत पहिला. तीन वर्षांपूर्वीचा, त्याच सकाळचा, मजकूर लागल्यावर तासाभरात लिहिलेला. नावाच्या जागी 'एक गिऱ्हाईक'. "कोपऱ्यातली गाठ आमच्या वडिलांनंतर फक्त त्यालाच जमली. मला बेचाळीस वर्षांत जमली नाही. मला जमते असे मी सर्वांना सांगत आलो आणि तो कधी काही बोलला नाही." कुठलं गिऱ्हाईक लिहील असं? गिऱ्हाइकाला गाठ माहीत नसते. ती गाठ आजोबांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, दोनच मुलांना शिकवली होती.

"काका, तुम्ही करून बघा," टाचणीने टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला. "मत द्यायच्या आधी सगळ्यांना दिसू दे. तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल."

"तेच तर भय आहे," भाऱ्यांतून लांब्या म्हणाला. "कुणालाही जमलं तर उद्या आई तिथे लोणच्याच्या बरण्या विकायला ठेवेल."

"ठेवीन. त्यात काय बिघडलं?"

"आपलं दुकान खुर्च्यांचं आहे."

"खुर्चीवर बसून खाईल कुणी."

मायलेकांचं जुंपलं. टाचणी मध्ये पडली. काकांनी चष्मा नाकावर चढवला. चौकटीवर टेकून पडद्यावर बोट चालवताना तोल सांभाळावा लागत होता. ते यादीच्या सुरुवातीला, पहिल्या संदेशाशी गेले. बोट ठेवलं. खरोखरच पेन्सिल आली. एवढं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सोप्या गोष्टींचा त्यांना नेहमीच धाक वाटायचा.

समोर दादा पुन्हा डावीकडे झुकून बसले होते. पाचर आता जवळपास निसटली होती. काकांना स्पष्ट दिसत होतं: दादा मत द्यायला उजवा हात वर करणार, नेहमीच्या त्वेषाने करणार, सगळं वजन डाव्या मागच्या पायावर जाणार, आणि पाय बाहेर. मत बाद. दोन विरुद्ध एक. दोनशे चौदा वाचले, चारशे खुर्च्या आल्या. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

पण दादा बहात्तर वर्षांचे होते. आणि खाली फरशी होती.

मोठ्याने सांगावं, तर सगळ्यांसमोर दादांना सांगायचं म्हणजे काकांची जीभ टाळूला चिकटायची. त्यांनी एका बोटाने लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधून. तीनदा खोडलं.

"बास झालं," दादा म्हणाले. "चार वाजून गेले. मी विचारतो. जुनं सगळं पुसून हिचं नवं लावायचं, कोण कोण?"

वहिनींचा हात वर गेला. दादांनी उजवा हात खुर्चीच्या हातावरून उचलला. काकांनी 'जतन करा' दाबलं.

दादांच्या खिशात फोन वाजला.

अर्धवट उचललेला हात तसाच राहिला. मग त्याच हाताने त्यांनी फोन काढला, लांब धरला, जवळ धरला, चष्मा शोधला. काका टपातल्या वेताकडे बघत बसले. दादांनी वाचलं. पडद्यावर असं होतं:

"गिऱ्हाइकांस सविनय. आपला मजकूर तीन वर्षांपूर्वीच वाचला. गाठ अवघड नाही, आपण घाई करता. कृपया उजवा हात वर करू नये. मागच्या डाव्या पायाची पाचर निसटली आहे. आपला, वेतकाम (दुकानात आहे)."

दादा बराच वेळ वाचत होते. एवढ्या चार ओळींना लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ.

"कुणाचा आहे?" वहिनींनी विचारलं.

"दुकानाचा," दादा म्हणाले.

"आपल्या दुकानाचा? तुम्हाला?"

"गिऱ्हाईक आहे मी. मला पत्र येऊ शकतं." त्यांनी फोन खिशात घातला. मग अतिशय सावकाश, काचेचं भांडं उचलावं तसे, ते खुर्चीत सरळ झाले. पाचर आत गेली. "मतदान परत घेतो. टाचणीची रीत कुणाकुणाला पसंत आहे?"

टाचणीचा हात वर झाला. काकांचा निम्मा वर झाला. आणि दादांनी डावा हात वर केला.

वहिनींचा हात अजून मघाच्या मतासाठी वरच होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, दिराकडे बघितलं, आणि हात खाली न घेता म्हणाल्या, "धरा माझाही. पण ती मुलगी कुठेतरी लावा."

पुढचा अर्धा तास मजकुरावरून गेला. दादांना 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो' हवं होतं. लांब्याला खुलासा हवा होता, मुद्देसूद. वहिनींना 'देवाच्या कृपेने' हवं होतं, आणि शेवटी वेदनारहित सेवा. प्रत्येकाने शब्दावर बोट ठेवून आपापलं लिहून बघितलं, आणि पावणेपाचला पानावर काका एकाच वेळी वारलेले, बरे झालेले, देवाच्या कृपेने उघडे आणि तीन दिवस बंद होते. मग काकांनी टॅब्लेट मागून घेतला. त्यांनी सगळं खोडलं आणि लिहिलं: "दुकान उघडे आहे. वेतकाम ज्यांच्या हातचे, ते दुकानात आहेत." वरचा फोटो राहू दिला. खालचे दोनशे चौदा राहू दिले.

टाचणीने व्यवस्थापकांना कळवलं. पाचाला सात मिनिटं असताना पानाच्या तळाशी नवा मजकूर उमटला. दोनशे पंधरावा.

"दुरुस्त प्रत फाइलीत लावली. समितीची एक विचारणा आहे. खाली हाताच्या कसबाबद्दल जे लिहिले आहे, ते संबंधित गृहस्थ वारल्याच्या समजुतीने लिहिलेले दिसते. ते हयात असताना तो मजकूर खरा मानावा काय?"

काकांना वाटलं, बरोबर विचारलंय. आपल्यालाही हेच विचारायचं होतं, तीन वर्षं.

"आण इकडे," दादा म्हणाले.

त्यांनी टॅब्लेट मांडीवर घेतला, पेन्सिल आणली आणि एका बोटाने लिहिलं, "मानावा." खाली नावाच्या जागी लिहिलं, 'एक गिऱ्हाईक'. त्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'थोरला भाऊ'. आणि जतन केलं.

काका उठले. टपातला वेत मऊ झाला होता, बोटावर घेतला की वळत होता. त्यांनी आपल्याच फाटक्या खुर्चीची चौकट समोर ओढली, कोपऱ्यात वेत घातला आणि गाठीची वेळ आली तेव्हा सवयीने पाठ करायला वळले. मग थांबले. खुर्ची फिरवून दादांच्या बाजूला केली, खाली बसले, आणि हात दिसतील असे धरून, नेहमीपेक्षा कितीतरी सावकाश, गाठीचा पहिला वेढा घातला.